शेतकऱ्यांच्या याद्यांची नक्कल करताना घ्यावयाची दक्षता

गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या कामात याद्यांचे स्थान दिवसेंदिवस वाढत चालले आहे. पीक प्रात्यक्षिके, बियाण्यांचे वाटप, अतिवृष्टीचे पंचनामे, ठिबक संच, शेततळी यांपैकी कोणतेही काम घेतले तरी त्याचा आरंभ यादीने होतो आणि शेवटही यादीनेच होतो. पूर्वी ही यादी दप्तरातील नोंदवहीत असे. नोंदवही कपाटात आणि कपाटाची किल्ली कार्यालयात, अशी व्यवस्था होती. कोणास यादीतील चार नावे हवी असल्यास ती हाताने उतरून घ्यावी लागत, आणि उतरणारा जेवढे लिही तेवढेच कागदावर येई. आता यादी संगणकावर एक्सेलसारख्या तक्त्यात असते व तिची नक्कल क्षणार्धात होते. परंतु या दोन नकलांत एक महत्त्वाचा फरक आहे. हाताने उतरताना डोळ्यांना दिसते तेवढेच उतरते. संगणकावर मात्र डोळ्यांना न दिसणारेही सोबत जाऊ शकते.

बियाण्याच्या बाबतीत हा अनुभव शेतकऱ्यास नवा नाही. गाजर गवताची नोंद महाराष्ट्रात प्रथम १९५५ च्या सुमारास पुणे येथे झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. ते बी कोणी मागविले नव्हते व कोणी हेतुपुरस्सर पाठविलेही नव्हते. धान्यात मिसळलेले असल्याने ते कोणाच्या लक्षात आले नाही, एवढेच. याद्यांतून माहितीची जी गळती होते, तीही बहुधा अशीच होते. तिच्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. नक्कल करणाऱ्यास आपण काय पाठवीत आहोत याची पुरती कल्पना नसते, हेच तिचे कारण होय. ही गळती कोणत्या वाटांनी होते व ती कशी टाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यादीतील माहितीचे मोल

शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक व क्षेत्र ही माहिती गावात बहुतेकांस ठाऊक असते. तिच्याच शेजारच्या रकान्यांत मात्र बारा अंकी आधार क्रमांक, बँकेचे नाव, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि अलीकडे शेतकरी ओळख क्रमांकही असतो. या दोन प्रकारच्या माहितीत मोठे अंतर आहे. पहिली माहिती चावडीवर वाचून दाखविली तरी हरकत नसते. दुसरी माहिती शेतकऱ्याने शासनाच्या विश्वासावर दिलेली असते.

केवळ आधार क्रमांक कळल्याने कोणाच्या खात्यातून पैसे निघत नाहीत, हे खरे आहे. तथापि आधारवर चालणाऱ्या रोकड व्यवहारात बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा या तीन गोष्टींवर रक्कम मिळते. मोबाइलवर येणारा ओटीपी तेथे लागत नाही. यादी बाहेर गेली म्हणजे या तिहींपैकी दोन गोष्टी परक्याच्या हाती आयत्याच पडतात. बनावट ठसे तयार करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी उघडकीस आलेले आहेत.

याहून अधिक आढळणारा धोका दूरध्वनीवरील फसवणुकीचा आहे. "काका, कृषी कार्यालयातून बोलतोय. तुमचा गट नंबर अमुक, खात्याचे शेवटचे आकडे अमुक, अनुदान अडकले आहे, पाठवलेले ॲप उघडा," असे कोणी म्हणाल्यास सावध शेतकऱ्याचाही विश्वास बसतो. बोलणाऱ्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी असते; खोटा असतो तो केवळ बोलणारा. पंतप्रधान किसान योजनेच्या नावाने अशी फसवी ॲप पाठविली जात असल्याच्या सूचना वेळोवेळी देण्यात आल्या आहेत. शिवाय मोबाइल क्रमांक बदलता येतो, खातेही बदलता येते. आधार क्रमांक मात्र जन्मभर तोच राहतो. म्हणून एकदा झालेली गळती मागे घेता येत नाही.

एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ येथे रब्बी हंगामात हरभऱ्याच्या जाकी ९२१८ या वाणाची प्रात्यक्षिके घ्यावयाची आहेत, असे समजू. त्यासाठी २५ शेतकऱ्यांची निवड झाली आहे. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याने, ज्यास २०२५ पर्यंत कृषी सहाय्यक म्हणत, यादी एक्सेलमध्ये केली आहे. तीत अकरा रकाने आहेत: अनुक्रमांक, नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, वाण, शेतकरी ओळख क्रमांक, आधार क्रमांक, बँक, खाते क्रमांक व मोबाइल.

बियाणे घेण्यासाठी कोणी यावयाचे हे गावात कळविणे आवश्यक आहे. त्यासाठी पहिले सहा रकाने पुरेसे आहेत. म्हणून कार्यकर्ता शेवटचे पाच रकाने लपवितो. पडद्यावर आता सहाच रकाने दिसतात. तो संपूर्ण तक्ता निवडतो, कॉपी करतो, नव्या फाइलमध्ये पेस्ट करतो आणि ती फाइल गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवितो. घाईत तो नवी फाइल पुन्हा उजवीकडे सरकवून पाहत नाही. वस्तुतः त्या फाइलमध्ये अकराही रकाने गेलेले असतात. गटातील एक जण ती दुसऱ्या गटावर पाठवितो, दुसरा तिसऱ्या गटावर. सायंकाळपर्यंत २५ कुटुंबांचे आधार व खाते क्रमांक किती मोबाइलमध्ये पोहोचले, हे कोणासही सांगता येत नाही.

या उदाहरणातील कार्यकर्त्याचा हेतू चांगला होता व कोणती माहिती देऊ नये हेही त्यास ठाऊक होते. त्याची चूक एकच झाली. रकाना लपविणे म्हणजे तो काढून टाकणे, असे त्याने मानले. लपविलेला रकाना पोत्याच्या तळाशी गेलेल्या दाण्यासारखा असतो. वरून दिसत नाही, परंतु पोते उचलले की तोही सोबत जातो.

गळतीच्या प्रमुख वाटा

१. लपविलेले रकाने व ओळी. हाताने लपविलेले रकाने किंवा ओळी निवडलेल्या भागात येत असतील तर कॉपी करताना त्याही उचलल्या जातात. फिल्टर लावून गाळलेल्या ओळी मात्र एक्सेलमध्ये सामान्यतः कॉपीत येत नाहीत. या भेदामुळेच पुष्कळांचा गोंधळ होतो. फिल्टरचा अनुभव ध्यानात धरून ते लपविलेल्या रकान्यांबाबतही निर्धास्त राहतात. शिवाय तुकड्याची नक्कल न करता फाइलच पाठविली, तर गाळलेले व लपविलेले असे सर्वच सोबत जाते.

२. अंकांचे बदललेले रूप. बारा अंकी क्रमांक साध्या सेलमध्ये पुष्कळदा पूर्ण न दिसता ई हे अक्षर व अधिक चिन्ह असलेल्या संक्षिप्त रूपात दिसतो. रकाना अरुंद असल्यास केवळ चौकटी चिन्हांची रांग दिसते. त्यावरून क्रमांक झाकला गेला, असे समजू नये. सेलवर बोट ठेवताच वरच्या पट्टीत संपूर्ण क्रमांक दिसतो. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेल्या मजकुराचीही हीच गोष्ट आहे.

३. मागची पाने. एका फाइलमध्ये अनेक पाने असतात. त्यांना शीट म्हणतात. पुढच्या पानावर गावाला द्यावयाची यादी आणि मागच्या पानावर बँकेकडून आलेली मूळ माहिती, अशी रचना नेहमी आढळते. पाने जास्त झाली की त्यांच्या खालच्या पट्ट्या पडद्यावर मावत नाहीत, व कित्येकदा एखादे पान लपविलेले असते. फाइल पाठविली की ती सर्व पाने जातात.

४. गोषवारा. गावनिहाय वा वाणनिहाय बेरीज करण्यासाठी पिव्हट तक्ता वापरतात. वरून पाहता त्यात केवळ बेरजा असतात. परंतु ज्या नोंदींवरून बेरीज झाली त्या नोंदींची प्रत तो आपल्या पोटात साठवून ठेवतो. बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केले तर त्यामागील सर्व नोंदी नव्या पानावर उलगडू शकतात. हा तक्ता दुसऱ्या फाइलमध्ये नेला तरी त्याचे पोट सोबत जाते.

५. अहवालातील तक्ते व आलेख. एक्सेलमधील तक्ता किंवा आलेख वर्डच्या अहवालात वा सादरीकरणात घेताना काही पर्यायांत संपूर्ण फाइलच तेथे रुतविली जाते. वाचणाऱ्याने आलेखावर दोनदा क्लिक केले की मूळ फाइल तिच्या सर्व पानांसह उघडते. तालुक्याच्या सभेतील एका आलेखाबरोबर तालुक्यातील सर्व शेतकऱ्यांची यादी निघून जावी, हे या पद्धतीने सहज घडू शकते.

६. अक्षरांचे रूपांतर करणारी संकेतस्थळे. जुन्या याद्या कृतिदेवसारख्या अक्षरवळणांत टंकित केलेल्या असतात व त्या युनिकोडमध्ये आणण्यासाठी इंटरनेटवरील रूपांतरकांचा आधार घेतला जातो. त्या चौकटीत संपूर्ण यादी पेस्ट करणे म्हणजे ती अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखे होय. काही रूपांतरक सर्व काम आपल्याच संगणकावर करतात, काही माहिती दूरच्या संगणकाकडे पाठवितात. वरून पाहून हा फरक ओळखता येत नाही. भाषांतर करून देणारी व प्रश्नांची उत्तरे देणारी यांत्रिक साधने यांनाही हाच नियम लावावा. रूपांतर करावयाचेच असेल तर केवळ नावांचा रकाना द्यावा. कोणताही क्रमांक देऊ नये.

७. क्लिपबोर्ड. कॉपी केलेला मजकूर संगणक आपल्या स्मरणात ठेवतो; त्या जागेस क्लिपबोर्ड म्हणतात. दुसरे काही कॉपी होईपर्यंत तो तेथेच राहतो. विंडोजमधील क्लिपबोर्डचा इतिहास चालू केलेला असल्यास शेवटचे २५ तुकडे तेथे सापडू शकतात. सेतू केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम करून उठल्यानंतर पुढचा मनुष्य पेस्टची कळ दाबतो आणि आधीच्या शेतकऱ्याची माहिती त्याच्या पुढ्यात येते.

इतरत्र घडलेल्या घटना

असे प्रकार केवळ खेड्यातील अपुऱ्या साधनांमुळे घडतात, असे समजण्याचे कारण नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकारात विचारलेल्या एका प्रश्नास एक्सेल फाइलने उत्तर दिले. प्रश्न केवळ किती पदे आहेत एवढाच होता. उत्तराच्या फाइलमध्ये मात्र मूळ माहितीचे एक पान राहून गेले होते व त्यावर ९,४८३ अधिकारी व कर्मचारी यांची माहिती होती. ती फाइल संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. काही तासांत ती काढण्यात आली. परंतु तेवढ्या अवधीत ती जेथे जाऊ नये तेथे पोहोचली. ज्या प्रदेशात पोलिसांच्या जिवास सशस्त्र गटांकडून धोका असतो, तेथे हा प्रकार किती गंभीर ठरला असेल याची कल्पना करता येते. पुढे २०२४ मध्ये या दलास साडेसात लाख पौंड दंड झाला.

त्यापूर्वी फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यातील एका कर्मचाऱ्याने बाहेर एक तक्ता पाठविला होता. आपण सुमारे १५० जणांची माहिती पाठवीत आहोत, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्यात सुमारे १८,७०० अफगाण अर्जदारांची माहिती होती. तालिबानची सत्ता परत आल्यानंतर जीव वाचविण्यासाठी आश्रय मागणारे ते लोक होते. ही घटना जुलै २०२५ मध्ये जगापुढे आली.

आपल्या देशातही केंद्र व राज्य शासनांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे, पत्ते व आधार क्रमांक असलेल्या याद्या दिसत असल्याचे २०१७ मध्ये शासनाने सांगितले होते, व त्या काढून टाकण्यात आल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रातील छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेसाठी बँकांना शेतकऱ्यांची माहिती ६६ रकान्यांत भरावी लागली होती. पडद्यावर एका वेळी दहा-बारा रकाने मावतात. ६६ रकान्यांच्या तक्त्यात उरलेल्या पन्नासांत काय आहे, हे पाहिल्याविना त्याची नक्कल करणे किती जोखमीचे असते, हे यावरून ध्यानात येईल.

याद्या जाहीर करू नयेत काय?

वरील विवेचनावरून याद्या दडवून ठेवाव्यात, असा अर्थ कोणी काढू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, रकमा किती व लाभ कोणास मिळाला, ही माहिती शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते. यादी गावापुढे असली म्हणजे बोगस नावे उघडी पडतात व खऱ्या शेतकऱ्यास न्याय मिळतो. परंतु लाभ कोणास मिळाला हे सांगण्यासाठी त्याचा आधार क्रमांक सांगावा लागत नाही. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ नुसार आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत.

एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असल्यास ते वेगळे कसे ओळखावेत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यासाठी आधार क्रमांकाची गरज नाही. वडिलांचे नाव, गट क्रमांक किंवा यादीपुरता दिलेला अनुक्रमांक पुरेसा होतो. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी प्रत्येक शेतकऱ्यास विशिष्ट क्रमांक देण्याची जी पद्धत राज्यात वापरली गेली, ती या दृष्टीने अनुकरणीय आहे. त्या क्रमांकावरून शेतकऱ्यास आपले नाव ओळखता येते, परंतु परक्यास त्या क्रमांकाचा काहीही उपयोग नसतो.

निर्मळ यादी तयार करण्याची रीत

जुन्या फाइलमधून नको ते झाकण्याऐवजी कोऱ्या फाइलमध्ये हवे तेवढेच घ्यावे, हे या कामाचे मुख्य सूत्र होय. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. यादी कोणासाठी व कशासाठी हवी आहे, हे प्रथम कागदावर लिहावे व त्यास लागणारे रकाने ठरवावेत. वरील उदाहरणात हे सहा रकाने होत.

२. मूळ फाइलमध्ये जे लपलेले आहे ते सर्व उघडावे. संपूर्ण पान निवडून रकाने व ओळी यांस अनहाइड ही आज्ञा द्यावी, फिल्टर काढून टाकावा, तसेच खालच्या पट्टीवर उजवे बटण दाबून लपविलेली पाने आहेत काय, ते पाहावे. आपल्याजवळ काय आहे हे कळल्याविना काय द्यावयाचे हे ठरविता येत नाही.

३. नवी, कोरी फाइल उघडावी. जुन्या फाइलची प्रत करून तीतून रकाने पुसण्याची पद्धत टाळावी, कारण तीत मागची पाने, टिपा व गोषवारे राहून जाण्याचा संभव असतो.

४. ठरविलेले रकाने एकेक करून कॉपी करावेत व नव्या फाइलमध्ये पेस्ट स्पेशल या आज्ञेतील व्हॅल्यूज हा पर्याय घेऊन ठेवावेत. या पर्यायाने केवळ अक्षरे व आकडे येतात. त्यांमागील सूत्रे व दुसऱ्या फाइलशी असलेले धागे येत नाहीत. पिव्हट तक्त्यातील बेरजाही याच पर्यायाने घ्याव्यात. मोठा भाग एकदम घेणे भागच असेल तर तो निवडल्यानंतर आल्ट व अर्धविराम या कळा एकत्र दाबाव्यात. त्यायोगे एक्सेलमध्ये केवळ दिसणारे सेल निवडले जातात.

५. आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक कार्यालयीन पडताळणीसाठी खरोखरच लागत असतील, तर मूळ फाइलमध्ये राइट या सूत्राने ते वेगळ्या रकान्यात काढावेत आणि तो रकाना व्हॅल्यूज या पर्यायानेच नव्या फाइलमध्ये न्यावा.

६. आलेख अहवालात घ्यावयाचा असल्यास तो चित्र म्हणून पेस्ट करावा. वर्डमध्ये चित्राचा नको असलेला भाग कापला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहू शकतो. म्हणून चित्र घेण्यापूर्वीच ते योग्य तेवढे घ्यावे.

७. संदेशात मजकूर पेस्ट करण्यापूर्वी तो एकदा नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहावा. रंग, रेघा व सजावट गळून जाऊन मजकूर तेथे उघडा पडतो आणि नको असलेला रकाना आला असल्यास तो चटकन नजरेस येतो. बियाणे पेरणीपूर्वी चाळून घ्यावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

८. तयार झालेल्या फाइलची परीक्षा घ्यावी. मूळ यादीतील एका शेतकऱ्याचा आधार क्रमांक व खाते क्रमांक घेऊन तो नव्या फाइलमध्ये शोधावा. तो सापडता कामा नये. फाइल या शीर्षकाखाली इन्स्पेक्ट डॉक्युमेंट ही सोय असते. ती लपलेली पाने, रकाने व टिपा दाखविते. तिचाही उपयोग करावा.

९. गावात लावावयाची यादी नव्या फाइलवरून पीडीएफ करून किंवा छापून द्यावी. पीडीएफमध्ये क्रमांकावर काळी पट्टी ओढून तो झाकू नये. पट्टीखालचा मजकूर पुष्कळदा तसाच राहतो व कॉपी करून वाचता येतो.

१०. पाठविण्यापूर्वी दुसऱ्या सहकाऱ्याकडून फाइल पाहून घ्यावी. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांस सहसा दिसत नाही. कोणास पाठवीत आहोत, ते नाव वा गटही पुन्हा वाचावा. काम संपल्यावर दुसऱ्याच्या संगणकावरील फाइल पुसावी व क्लिपबोर्ड मोकळा करावा.

पान कुलूपबंद करण्याची जी सोय एक्सेलमध्ये असते, तिच्यावर विसंबू नये. ती चुकून होणारी खाडाखोड टाळण्यासाठी आहे. गुप्तता राखणे हे तिचे काम नव्हे. संपूर्ण माहिती वरिष्ठ कार्यालयास वा बँकेस द्यावयाचीच असल्यास फाइल उघडण्यासच परवलीचा शब्द लावावा, व तो शब्द त्याच संदेशात न लिहिता दूरध्वनीवरून कळवावा. शक्य तेथे शासनाच्या पोर्टलवरच माहिती भरावी आणि याद्या व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

कार्यालयात कागद देताना शेतकऱ्यानेही तो कशासाठी हवा, हे विचारावे. विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. जेथे संपूर्ण क्रमांकाची गरज नाही तेथे झाकलेल्या आधारची प्रत द्यावी. तीत पहिले आठ अंक झाकलेले असून शेवटचे चारच दिसतात. आधारमधील बोटांचे ठसे एरवी बंद ठेवण्याची व गरजेपुरते उघडण्याची सोयही उपलब्ध आहे, तिचा लाभ घ्यावा. दूरध्वनीवर कोणी आपली खरी माहिती सांगितली म्हणून तो शासनाचाच माणूस आहे, असे मानू नये. ओटीपी किंवा पिन कोणासही सांगू नये आणि संदेशातून आलेले ॲप उघडू नये. गावाच्या गटावर आधार व खाते क्रमांक असलेली यादी आल्यास ती पुढे पाठवू नये. पाठविणाऱ्यास तत्काळ कळवावे.

चूक झाल्यास

इतकी दक्षता घेऊनही चूक होणे शक्य आहे. अशा वेळी ती झाकण्यात जितका वेळ जाईल तितके नुकसान वाढते. संदेश सर्वांसाठी डिलीट करावा. मात्र ज्यांनी फाइल आधीच उतरवून घेतली त्यांच्या मोबाइलमध्ये ती राहते, हे विसरू नये व त्यांनाही ती पुसण्यास सांगावे. वरिष्ठांस त्याच दिवशी लेखी कळवावे. यादीतील शेतकऱ्यांस स्वतः जाऊन सांगावे, म्हणजे ते खात्यावर लक्ष ठेवतील, ठसे बंद करतील व फसव्या दूरध्वनीस बळी पडणार नाहीत. पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. आधारविषयक चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. चूक कळविणाऱ्या कार्यकर्त्यास वरिष्ठांनीही केवळ धारेवर धरू नये. तसे झाल्यास पुढची चूक कोणी कळविणार नाही आणि तिची झळ मात्र शेतकऱ्यास पोहोचेल.

समारोप

पंचनाम्यासाठी बांधावर आलेल्या कार्यकर्त्यास शेतकरी आपले पासबुक व आधार पत्र विनासंकोच काढून देतो. तो विश्वास कोणत्याही परिपत्रकाने निर्माण झालेला नाही. तो वर्षानुवर्षांच्या ओळखीतून आलेला आहे. एक यादी चुकीने बाहेर गेली आणि तिच्यामुळे गावातील एका म्हातारीच्या खात्यातील रक्कम गेली, तर पुढच्या हंगामात त्याच गावात नोंदणीसाठी कागद मिळविणे कठीण होईल. निर्मळ यादी करण्यास दहा मिनिटे अधिक लागतात. गाजर गवताचे बी एकदा शेतात पडल्यावर ते काढण्यास किती हंगाम जातात, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. म्हणून पडद्यावर दिसते तेवढेच जाते, असे गृहीत न धरता, जे द्यावयाचे तेवढेच वेगळे काढून, तपासून व मगच पाठवावे. ही सवय प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या अंगी बाणवून घेणे अगत्याचे आहे.